ज्याचं संगीत आवडलं नाही, त्याच्याच रेशनसाठी झटणारा मास्तर : शोस्ताकोविचचं बालपण आणि पेत्रोग्रादची भूक

नाव ऐकलं नसेल, पण चाल नक्की ऐकली असेल. जुन्या फोटोंच्या व्हिडिओपासून लग्नाच्या रीलपर्यंत कशाखालीही लावला जाणारा तो थोडा उदास, थोडा झुलवणारा 'वॉल्ट्झ नंबर टू'. स्टॅनली कुब्रिकच्या १९९९ सालच्या 'आईज वाइड शट' या सिनेमामुळे तो नव्या पिढीपर्यंत पोहोचला. त्या चालीचा कर्ता म्हणजे दिमित्री शोस्ताकोविच. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांमध्ये या रशियन माणसाचं नाव घेतलं जातं.

ज्यांना हे नाव माहीत असतं, त्यांना बहुतेक वेळा त्याची एकच गोष्ट माहीत असते. दुसरं महायुद्ध, जर्मन फौजांनी वेढलेलं लेनिनग्राड शहर, अन्नावाचून रस्त्यावर कोसळणारी माणसं आणि अशा शहरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी उपाशी वादकांनी वाजवलेली त्याची सातवी सिंफनी. त्याच वर्षी 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर अग्निशामक दलाचं हेल्मेट घातलेला शोस्ताकोविच झळकला होता.

ही गोष्ट खरी आहे आणि ती हजार वेळा सांगून झाली आहे.

पण हे शहर उपाशी पडण्याची ती पहिली वेळ नव्हती. त्याच्या साधारण वीस वर्षं आधी, पहिलं महायुद्ध, दोन क्रांत्या आणि यादवी युद्ध या सगळ्याच्या तडाख्यात हेच शहर रिकामं झालं होतं. तेव्हा शोस्ताकोविच बारा-पंधरा वर्षांचा, चष्मा लावणारा, काटकुळा पोरगा होता. घरात त्याला मित्या म्हणायचे. तो त्या वर्षांत मेला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो का मेला नाही, याची ही गोष्ट.

एका पोराचं शहर, तीन नावं

मित्याचा जन्म २५ सप्टेंबर १९०६चा, सेंट पीटर्सबर्गमधला. तेव्हा ही रशियन साम्राज्याची राजधानी होती. १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध पेटलं आणि 'बर्ग' हा शेवट फारच जर्मन वाटतो म्हणून शहराचं नाव पेत्रोग्राद झालं. जानेवारी १९२४ मध्ये लेनिन गेला आणि शहर लेनिनग्राड झालं. म्हणजे एकही घर शहराबाहेर न बदलता हा मुलगा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत तीन नावांच्या शहरांत राहून झाला होता. (१९९१ मध्ये जुनं नाव परत आलं, पण ते पाहायला तो नव्हता. तो १९७५ मध्ये वारला.)

जन्माच्या वेळीही शहर शांत नव्हतं. १९०५च्या जानेवारीत झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांच्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या होत्या. तो दिवस रशियाच्या इतिहासात 'रक्तरंजित रविवार' म्हणून ओळखला जातो. शोस्ताकोविचच्या घरात या घटनेबद्दल बोललं जायचं. पुढे १९५७ मध्ये त्याने अकरावी सिंफनी लिहिली, ती याच घटनेवर.

घर मात्र बऱ्यापैकी सुखवस्तू होतं. वडील दिमित्री बोलेस्लावोविच हे वजन-मापांच्या सरकारी कचेरीत अभियंता होते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ज्यांचा तक्ता पाठ करावा लागतो त्या मेंडेलीव्ह यांनी उभी केलेली ही संस्था. वडिलांना गाण्याची हौस, आवाज चांगला. आई सोफिया पियानो शिकलेली. थोरली बहीण मारिया, धाकटी झोया. वडिलांकडचं घराणं मूळ पोलिश. आजोबांना झारविरोधी क्रांतिकारकांना मदत केल्याबद्दल सायबेरियात हद्दपार केलं होतं. म्हणजे सरकारशी बिनसण्याची परंपरा घरात आधीपासून होती.

नावाची एक गंमत सांगितली जाते. आई-वडिलांना मुलाचं नाव यारोस्लाव ठेवायचं होतं. बारशाला आलेल्या पाद्रीबाबांना ते पसंत पडलं नाही. बापाचं नाव दिमित्री आहे, तर पोराचंही तेच ठेवा, असं त्यांनी सुचवलं आणि दिमित्री दिमित्रीयेविच हे नाव कायमचं चिकटलं.

भिंतीला कान लावणारा मुलगा

महान संगीतकार म्हटला की तिसऱ्या वर्षी पियानो, पाचव्या वर्षी मैफल असं काहीतरी ऐकायची आपल्याला सवय असते. इथे तसं नाही. आईने मित्याला नऊ वर्षांचा होईपर्यंत पियानोसमोर बसवलंच नाही. तोवर त्याचं संगीत म्हणजे शेजारी. शेजारच्या घरात एक हौशी चेलोवादक राहायचे. मित्रमंडळी जमली की तिथे मैफल रंगायची आणि मित्या इकडून ऐकत राहायचा.

१९१५च्या उन्हाळ्यात आईने शिकवायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की प्रकरण वेगळं आहे. एकदा ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. स्वरलिपी वाचायला तर तो जणू आधीच शिकून आला होता. मग त्याला ग्ल्यासर नावाच्या शिक्षकांच्या संगीतशाळेत घातलं.

तो जायचा त्या साध्या शाळेचंही त्या काळाला शोभेल असं वैशिष्ट्य होतं. तिथे केरेन्स्की आणि ट्रॉट्स्की या दोघांचीही मुलं शिकत होती. केरेन्स्की म्हणजे १९१७च्या हंगामी सरकारचा प्रमुख आणि ट्रॉट्स्की म्हणजे ते सरकार उलथवणाऱ्यांतला एक. बाहेर वडील एकमेकांची सत्ता उलथवत होते आणि मुलं एका शाळेत बसत होती.

लेनिनला त्याने खरंच पाहिलं होतं का?

१९१७ मध्ये या शहरात एका वर्षात दोन क्रांत्या झाल्या. पहिलीत झार गेला, दुसरीत बोल्शेविक आले. मित्या तेव्हा दहा-अकरा वर्षांचा.

सोव्हिएत काळातल्या चरित्रांमध्ये एक प्रसंग हमखास असायचा. एप्रिल १९१७ मध्ये लेनिन परदेशातून परतला, फिनलंड स्टेशनवर उतरला आणि त्याच्या स्वागताच्या गर्दीत छोटा शोस्ताकोविचही होता. प्रसंग मोठा फोटोजेनिक आहे. अडचण एवढीच की लेनिनची गाडी रात्री अकराच्या सुमाराला आली होती. घरच्यांचा डोळा चुकवून दहा वर्षांचा मुलगा त्या वेळी नदीपलीकडच्या स्टेशनवर पोहोचला कसा? त्याच्या एका शाळासोबत्याने पुढे आपल्या आठवणींत या कथेवर स्पष्ट अविश्वास दाखवला आहे.

दुसरा प्रसंग जास्त काळोखा आहे. रस्त्यावरच्या चकमकीत घोडेस्वाराने तलवारीने एका मुलाला मारलेलं आपण पाहिलं, असं शोस्ताकोविच स्वतः सांगायचा. १९२७च्या दुसऱ्या सिंफनीत त्या आठवणीचा एक तुकडा आहे, असंही त्याने म्हटलं होतं. तपशिलांवर वाद आहेत, पण मुलांनी त्या वर्षी पेत्रोग्रादच्या रस्त्यांवर मृत्यू पाहिला असेल यात शंका घेण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. या काळात त्याने पियानोसाठी एक छोटं शोकगीत रचलं, 'क्रांतीत बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ'. नाव ऐकून वाटतं, लाल झेंडा घेऊन पडलेल्या कामगारांसाठी असेल. अधिकृत चरित्रांनी तसंच सांगितलं. पण जानेवारी १९१८ मध्ये शिंगार्योव्ह आणि कोकोश्किन या दोन उदारमतवादी नेत्यांना नौसैनिकांनी हॉस्पिटलच्या खाटेवर मारलं होतं. त्यांच्यासाठी शाळेत झालेल्या स्मरणसभेत मित्याने हीच रचना वाजवली, अशी आठवण त्याच शाळासोबत्याने नोंदवली आहे. एकच रचना, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या मृतांचा हक्क.

याचा अर्थ अकरा वर्षांच्या मुलाचं काही राजकारण होतं असा नाही. माणसं मरत होती आणि तो पियानोवर बसत होता, एवढंच. पुढे आयुष्यभर त्याच्या प्रत्येक रचनेबद्दल 'हे नक्की कुणाच्या बाजूचं?' असं विचारलं गेलं. ती सुरुवात इथून झाली.

पाव : ५० ग्रॅम

क्रांतीच्या धामधुमीपेक्षा नंतरची तीन-चार वर्षं पेत्रोग्रादकरांसाठी जास्त भयंकर होती.

मार्च १९१८ मध्ये राजधानी मॉस्कोला हलली. मागे राहिलं ते कोळसा नसलेलं, धान्य नसलेलं शहर. यादवी युद्धामुळे रेल्वे कोलमडलेली, गावाकडून माल येईना. रेशन होतं, पण ते वर्गाप्रमाणे. अंगमेहनतीच्या कामगाराला सगळ्यात जास्त, 'बुर्झ्वा' ठरलेल्याला सगळ्यात कमी. वाईट दिवसांत हे प्रमाण माणशी एक अष्टमांश पौंड पावापर्यंत खाली आलं होतं, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. दोन पातळ स्लाइस. दिवसाला.

लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली. ज्यांचं कुणी खेड्यात होतं ते तिकडे गेले, अनेक जण परदेशी पळाले, अनेक जण टायफस आणि फ्लूने गेले. १९१७ मध्ये जिथे २३-२४ लाख लोक राहत होते, तिथे १९२० मध्ये सात लाखांच्या थोडे वर उरले. दर तीनपैकी दोन माणसं गायब. हिवाळ्यात शेगडी पेटवायला फर्निचर आणि पुस्तकं गेलीच, लाकडी घरंच्या घरं पाडून लोकांनी सरपण केलं.

अशा शहरात १९१९च्या शरद ऋतूत तेरा वर्षांच्या मित्याने पेत्रोग्राद कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश घेतला. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीताचं महाविद्यालय. त्चायकोव्स्की इथेच शिकले होते, रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी इथेच शिकवलं होतं. पण त्या वर्षी इमारतीत उष्णता नव्हती. विद्यार्थी आणि शिक्षक ओव्हरकोट, टोपी, हातमोजे घालून वर्गात बसायचे. बर्फासारख्या पट्ट्यांवर पियानो वाजवायचा तर आधी बोटं गरम करावी लागायची. घरापासून कॉलेज तीन-चार किलोमीटर. ट्राम आलीच तर ती इतकी भरलेली असायची की या हडकुळ्या पोराला आत शिरता यायचं नाही. मग चालत.

तरीही तो रोज जायचा. अनेक जण जायचेच. उपाशी शहरात नाटकं आणि मैफली भरभरून चालत होत्या, हे त्या काळाचं एक न उलगडणारं कोडं आहे. कदाचित घरापेक्षा गर्दीत ऊब जास्त मिळत असेल.

त्या वर्षांतला मित्या दिसायला कसा होता, हेही आपल्याला माहीत आहे. चित्रकार बोरिस कुस्तोदिएव्ह यांची मुलगी त्याच्या वर्गात होती. तिच्या ओळखीने तो त्यांच्या घरी जायचा आणि पियानो वाजवायचा. आजारपणामुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या कुस्तोदिएव्ह यांनी १९१९ मध्ये त्याचं चित्र काढलं. शोपँच्या स्वरलिपीवर हात ठेवून बसलेला, नीट भांग पाडलेला, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. चित्रात भूक दिसत नाही. चित्रकाराने ती दाखवायचं टाळलं असावं.

गॉर्कींच्या दारात

आता या गोष्टीतला खरा नायक. अलेक्झांडर ग्लाझुनोव. कॉन्झर्व्हेटरीचे संचालक, १८६५चा जन्म, झारच्या काळातले नामवंत संगीतकार. धिप्पाड देह, दारूची सवय, आवड सगळी एकोणिसाव्या शतकातली. नवं संगीत त्यांना सहन व्हायचं नाही. सत्तांतरानंतर त्यांच्यासारखे अनेक जण परदेशी निघून गेले. ग्लाझुनोव थांबले, आणि आपल्या विद्यार्थ्यांसाठी सरपण, धान्य, सवलती मागत नव्या सरकारच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले.

१९२०च्या शरद ऋतूत इंग्रज लेखक एच. जी. वेल्स पेत्रोग्रादला आले होते. त्यांनी लिहून ठेवलंय की पूर्वी पाहिलेले भरदार ग्लाझुनोव आता निस्तेज आणि खंगलेले दिसत होते, कपडे अंगावर लोंबत होते. ते अजूनही रचना करत होते, पण स्वरलिपी लिहायचा कागद संपत आला होता.

या माणसाने मित्यामध्ये काय पाहिलं? लेखक व्हिक्टर श्क्लोव्स्की यांनी एक प्रसंग सांगून ठेवलाय. १९२१च्या सुमारास ग्लाझुनोव मॅक्सिम गॉर्कींकडे गेले. 'आई' कादंबरीमुळे मराठी वाचकांना चांगलेच परिचयाचे असलेले हेच ते गॉर्की. त्या काळात भुकेल्या लेखक-कलावंतांना रेशन मिळवून देण्यासाठी त्यांचा शब्द चालायचा. ग्लाझुनोवांनी एका मुलासाठी रेशन मागितलं. वाजवतो काय? नाही, रचना करतो. वय? पंधरावं लागलंय. मग गॉर्कींनी साहजिकच विचारलं, तुम्हाला आवडतं का त्याचं संगीत?

ग्लाझुनोवांनी सांगितलं की अजिबात नाही. भयंकर आहे. कसलेला संगीतकार कागदावरची स्वरलिपी वाचतो तेव्हा ती त्याच्या मनात वाजते. या पोराची स्वरलिपी वाचताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही, आयुष्यात असं पहिल्यांदाच होतंय, अशी कबुली त्यांनी दिली. मग आलात कशाला? तर त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला आवडतं की नाही हा मुद्दाच नाही. येणारा काळ या मुलाचा आहे, आपला नाही.

हा संवाद लेखकाच्या आठवणीतून आलेला आहे, त्यामुळे त्यात थोडं नाट्य भरलेलं असू शकतं. पण ग्लाझुनोवांनी मित्याच्या रेशनसाठी खटपट केली याला कागदोपत्री आधार आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये त्यांनी शिक्षण-संस्कृती खात्याचे प्रमुख लुनाचार्स्की यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची प्रकृती अन्नाअभावी ढासळत असल्याचं कळवलं आणि मदत मागितली होती.

यातली खुबी दुर्लक्षित राहते. आपल्या आवडीच्या शिष्यासाठी शब्द टाकणारे गुरू पुष्कळ असतात. ग्लाझुनोवांना दिसत होतं की हा मुलगा मोठा झाला तर आपण ज्या पद्धतीचं संगीत लिहिलं, शिकवलं, जपलं, ते जुनं ठरणार आहे. त्यांनी त्यालाच जगवलं.

एक तिरकी बाजूही सांगायला हवी. शोस्ताकोविचच्या नावावर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टेस्टिमनी' या पुस्तकात असं आहे की दारूबंदीच्या काळात ग्लाझुनोवांना शुद्ध अल्कोहोल मित्याचे वडील आपल्या सरकारी कचेरीतून पुरवायचे आणि त्यामुळे मित्या कायम धास्तावलेला असायचा. हे पुस्तक खरोखर त्यानेच सांगितलेलं आहे का, यावर अभ्यासकांमध्ये आजही भांडणं आहेत, म्हणून हा मजकूर जपूनच घ्यावा. खरा असला तरी त्याने चित्र बिघडत नाही. उपाशी शहरात सगळेच काहीतरी देऊन काहीतरी घेत होते.

बाप गेला, तीन बायका उभ्या राहिल्या

१९२१ मध्ये सरकारने धोरण बदललं, छोट्या व्यापाराला परवानगी दिली. दुकानांच्या खिडक्यांत पुन्हा लोणी, मांस, कापड दिसू लागलं. पण आता प्रश्न वेगळा होता. आधी पैसे असूनही वस्तू मिळत नव्हती, आता वस्तू होती आणि पैसे नव्हते.

नेमक्या याच वेळी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, वडील वारले. वय अवघं ४६. मित्या पंधरा वर्षांचा.

कधी नोकरीची वेळ न आलेली आई कॅशिअर, टायपिस्ट अशी मिळेल ती कामं करू लागली. मारिया पियानोच्या शिकवण्या घेऊ लागली. मित्याने शिक्षण सोडून कमवावं, हा विचार आईने उडवून लावला. हट्टी बाई होती. पोराच्या आयुष्यात तिची ढवळाढवळ पुढेही बरीच झाली आणि ती त्याला जाचलीही. मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत जायची संधी १९२४ मध्ये आली तेव्हा तिनेच त्याला जाऊ दिलं नाही. पण १९२२ मध्ये तिचा हट्ट नसता तर शोस्ताकोविच कुठल्यातरी कचेरीत कारकून झाला असता.

वडिलांच्या आठवणीत त्याने एक रचना लिहिली, दोन पियानोंसाठीची 'स्वीट'. ती तो आणि मारिया मिळून वाजवायचे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मानाने ती कमालीची गंभीर आहे. मधूनच घंटांसारखे जड स्वर येतात. आजही यूट्यूबवर सहज सापडते. त्याच्या सुरुवातीच्या कामातलं काहीतरी ऐकायचं असेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

१९२३च्या वसंतात त्याच्या मानेच्या गाठींना क्षयरोग झाल्याचं निदान झालं. अपुरं अन्न, थंडी, दगदग, काय काय कारणं असतील. शस्त्रक्रिया झाली. पियानोची शेवटची परीक्षा त्याने मानेला पट्टी बांधूनच दिली, आणि पास झाला. त्यानंतर मारिया त्याला हवापालटासाठी क्रिमियातल्या गास्प्रा या समुद्राकाठच्या गावी घेऊन गेली. तिथे त्याची ओळख तात्याना ग्लिवेन्को या मॉस्कोच्या मुलीशी झाली. पहिलं प्रेम. तिच्यासाठी त्याने पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांचं एक त्रिकूट लिहिलं. वर्षानुवर्षं पत्रं चालली, लग्न काही झालं नाही.

अंधारात पियानो

परत आल्यावर कर्ज, औषधं, आईचा थकवा हे सगळं वाट पाहतच होतं. मग शोस्ताकोविचने ते काम धरलं जे तेव्हाचे गरजू पियानोवादक धरायचे. सिनेमाघरात साथ.

तेव्हा सिनेमा मूक होता. पडद्याखाली पियानोवर एक माणूस बसायचा आणि पडद्यावर प्रेम, पाठलाग, मारामारी जे चालेल त्याप्रमाणे मनाने वाजवत राहायचा. रोज संध्याकाळी, कित्येक तास, तेच तेच चित्रपट. 'स्वेतलाया लेंता', 'स्प्लेंडिड पॅलेस', 'पिकाडिली' अशी दिमाखदार नावं असलेल्या थिएटरांत त्याने हे केलं. नावं दिमाखदार, पण आत कोंदट हवा, गारठा आणि खुर्च्यांवर बिया सोलत बसलेला प्रेक्षक. क्षयातून उठलेल्या मुलाला ही जागा कुणी डॉक्टरने सुचवली नसती.

या कामाचा त्याला मनापासून वीट यायचा. रचनेसाठी वेळच उरत नाही, ही तक्रार त्याने पत्रांत आणि पुढच्या आठवणींत वारंवार केली. पण त्यातूनही तो मजा काढायचा. झोयाच्या आठवणीप्रमाणे, तात्यानासाठी लिहिलेलं ते त्रिकूट बसवायला जागा नव्हती, तेव्हा त्याने दोन वादक मित्रांना थिएटरातच बोलावलं आणि पडद्यावरच्या सिनेमाला साथ म्हणून तालीम उरकून घेतली. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला म्हणे.

या नोकरीचा त्याच्या संगीतावर किती परिणाम झाला, हे मोजता येत नाही. पण त्या काळानंतरची त्याची कुठलीही मोठी रचना घ्या. सर्कशीतल्यासारखा धांदलीचा तुकडा चालू असतो आणि एका क्षणात, काही सूचना न देता, स्मशानशांतता. पुढचं दृश्य आलं, साथ बदलली. सिनेमाघरात रोज हेच तर करावं लागायचं.

१२ मे १९२६

सिनेमाच्या नोकरीच्या आगेमागे, १९२४-२५ मध्ये, त्याने पदवीसाठीची रचना लिहिली. पहिली सिंफनी. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची, साधारण चार भागांची लांबलचक रचना. ही अर्ध्या तासाच्या आसपासची आहे. तिच्या वाद्यवृंदात त्याने पियानोही घातलाय, आणि दुसऱ्या भागात तो अचानक असा दणका देतो की सगळा वाद्यवृंद गप्प होतो.

१२ मे १९२६ रोजी लेनिनग्राड फिलहार्मोनिकने निकोलाय माल्को यांच्या संचालनाखाली ती वाजवली. संगीतकार १९ वर्षांचा. लोकांनी दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. पुढच्या वर्षी ब्रुनो वॉल्टर यांनी ती बर्लिनमध्ये सादर केली, १९२८ मध्ये स्टोकोव्स्की यांनी अमेरिकेत. आदल्या वर्षापर्यंत थिएटरातल्या अंधारात बसणाऱ्या मुलाचं नाव दोन खंडांत पोहोचलं. १२ मे हा दिवस तो पुढे आयुष्यभर पाळायचा.

१९२८ मध्ये ग्लाझुनोव परदेशी गेले आणि परत आले नाहीत. १९३६ मध्ये त्यांचा पॅरिसजवळ मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने शोस्ताकोविचच्या ऑपेराला 'संगीताऐवजी गोंधळ' म्हणत झोडपलं होतं आणि अटकेच्या भीतीची त्याची वर्षं सुरू झाली होती. त्याच्या संगीतात काहीच ऐकू येत नाही असं प्रामाणिकपणे सांगणारा माणूस त्याला रेशन देऊन गेला होता. आता तसंच म्हणणाऱ्यांच्या हातात तुरुंग होते.

सिनेमाने मात्र त्याची पाठ सोडली नाही. वाईट काळात इतर दारं बंद झाली की चित्रपटांचं संगीत त्याचं घर चालवायचं. तीसहून जास्त चित्रपट त्याने केले. रील्सवरचा तो प्रसिद्ध वॉल्ट्झही मुळात त्यातलाच, १९५०च्या दशकातल्या 'पहिली तुकडी' या सोव्हिएत चित्रपटातला.

१९४१ मध्ये लेनिनग्राडला वेढा पडला. १ ऑक्टोबरला शोस्ताकोविच, त्याची बायको आणि दोन मुलं यांना विमानाने बाहेर काढण्यात आलं. आई आणि मारिया मागे, शहरातच राहिल्या. सातवी सिंफनी त्याने डिसेंबरात कुइबिशेव्ह शहरात पूर्ण केली आणि त्याच महिन्यांत घरच्यांना बाहेर काढण्यासाठी अधिकाऱ्यांकडे खेटे घातले. रेशनसाठी खेटे घालणारा माणूस त्याने लहानपणी पाहिलेला होता.

मार्च १९४२ मध्ये आई, मारिया आणि मारियाचा मुलगा कुइबिशेव्हला पोहोचले. तिघंही जिवंत होते. आई खंगून ओळखू न येण्याजोगी झाली होती. तिची ही त्या शहरातली दुसरी भूक होती.